'बिनचंद्राची खाडी' : वाचकांचे नेहमीचे प्रश्न

कादंबरीची प्रकरणं येऊ लागल्यापासून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत, म्हणून सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र देते. पहिली दहा प्रकरणं वाचली नसतील तर जपून वाचा. शेवट पूर्ण फोडलेला नाही, पण मधली बरीच वळणं आली आहेत.

गोष्ट नेमकी कशाची आहे?

आषाढ अमावस्येला गेलेला चंद्र परत येत नाही. पाठोपाठ जमीन जायला लागते. खाडी किंवा तळं बुजवून जिथे जिथे भराव टाकला होता, तिथे पाणी वर येतं: वाशीत, ऐरोलीत, ठाण्यात. हर्षाली खाडीकाठच्या गावठाणातली कोळ्याची पोर, होडी चालवणारी. केदार नौपाड्यात वाढलेला इंजिनिअर, नवी मुंबईत पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावांच्या झडपा सांभाळणारा. दोघं एकमेकांचं तोंड पाहायला तयार नाहीत आणि त्याला सबळ कारण आहे. बुडत्या मुलखातून माणसं पलीकडे न्यायची तर तिला त्याच्याकडचे नकाशे लागतात आणि त्याला तिचे हात. यापलीकडे सांगितलं तर वाचायला काही उरणार नाही.

जगबुडीच आणायची होती तर चंद्र कशाला? पूर, भूकंप, रोगराई काहीही चाललं असतं.

पूर आपण पाहिलेला आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस ज्यांनी ठाण्यात किंवा मुंबईत काढला, त्यांना पुराची गोष्ट मी काय सांगणार? मला असं काहीतरी हवं होतं की जे गेल्यावर आधी घरातली भिंत हलेल.

आपल्या घरात चंद्र किती ठिकाणी आहे बघा. संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सुटतो. कॅलेंडरवर वेळ छापलेली असते, आजी गॅलरीत येऊन उभी राहते. तिसऱ्या प्रकरणात केदारची आजी अशीच रात्रभर उभी आहे, ताट झाकून ठेवलंय, मोदक थंड झालेत आणि तिला 'आता जेवून घे' म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. त्याआधी नारळी पौर्णिमा येते, म्हणजे यायला हवी होती. मग पितृपक्ष. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा-बारा अंशांचं अंतर. चंद्रच नाही तर तिथी कुठली? आणि तिथी नाही तर गेलेल्या माणसाचं श्राद्ध कोणत्या दिवशी घालायचं?

कादंबरीतलं अद्भुत इथूनच सुरू होतं. ज्यांची तिथी येत नाही ते पितर खाडीत कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभे राहतात. ते कुणाला काही करत नाहीत, फक्त गावाकडे तोंड करून उभे असतात. भयकथा म्हणून मी हे लिहिलेलं नाही. घरातलं माणूस नुकतंच गेलेल्या काही वाचकांनी कळवलं की तो भाग वाचवला नाही. त्यांनी सहावं आणि सातवं प्रकरण खुशाल सोडावं, पुढचा धागा तुटत नाही.

पण पावसाळ्यात चंद्र तसाही ढगाआड असतो. लोकांना कळलं कसं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. बातम्यांत येतंच, पण गावाला बातमीच्या आधी कळतं, कारण खाडी बिघडते. कोळ्यांचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चौथीला तीन, अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. चंद्र गेल्यावर हे सगळं एका फटक्यात बंद पडतं.

काही वाचकांना वाटतं चंद्र नाही म्हणजे भरतीच नाही. तसं नाही. सूर्यही पाणी ओढतो, फक्त त्याचा ओढा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. म्हणजे भरती येत राहील, पण दुबळी, आणि रोज साधारण त्याच वेळेला, दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या आगेमागे. रोज पाऊण-एक तास पुढे सरकणारं पाणी एका वेळेला खिळून बसतं. दुसऱ्या प्रकरणात हर्षालीचा काका सलग चार दिवस धक्क्यावरच्या त्याच खांबाला त्याच वेळेला पाणी लागलेलं बघतो आणि जाळं न उचलता घरी येऊन बसतो. तो कोणाशी बोलत नाही. त्या प्रसंगात मी आकाशाचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही.

एवढा भाग निसर्गाचा. त्यानंतर खाडी जे करते ते माझ्या कल्पनेचं.

जमीन बुडण्याचा आणि कादंबरीतल्या त्या कोरीव दगडाचा संबंध काय? असे दगड खरंच असतात का?

असतात. त्यांना गधेगाळ म्हणतात. ठाणे म्हणजे शिलाहारांचं श्रीस्थानक, उत्तर कोकणच्या राज्याची राजधानी. त्या काळात जमीन दान दिली की दगडावर लेख कोरत. वर चंद्र आणि सूर्य, मधे मजकूर, खाली गाढव आणि स्त्री यांचं चित्र. हे दान जो मोडेल त्याच्या आईला उद्देशून केलेली ती शिवी आहे, वाचवत नाही इतकी घाण. वरच्या चंद्र-सूर्याचा अर्थ सरळ आहे: ते आकाशात आहेत तोवर हे दान चालू.

संग्रहालयात असा एक दगड बघत असताना मनात आलं, समजा चंद्र-सूर्यातला एक गेला तर? करारच संपला. मग जमीन ज्याची होती तो ती मागायला येणार. माझ्या कादंबरीत 'तो' म्हणजे खाडी. तिने माणसाला जमीन दिली होती, मुदत चंद्र-सूर्याची होती, मुदत संपली.

एक अट मात्र मी घातली आणि सगळी कादंबरी त्या अटीवर उभी आहे. ज्या जमिनीचा हिशोब पुरा झाला आहे, म्हणजे जिच्यावरून उठवलेल्या माणसांना त्यांचं देणं मिळालं आहे, ती जमीन टिकते. म्हणून एकाच सेक्टरात एक इमारत कोरडी उभी आणि शेजारची दुसऱ्या मजल्यापर्यंत पाण्यात, असं दिसतं. घाईत वाचणाऱ्यांना ती चूक वाटते. ती चूक नाही.

केदार आणि हर्षाली यांचं वैर इतकं टोकाचं का दाखवलंय? साधा गैरसमज चालला नसता का?

गैरसमजावर उभं असलेलं वैर मला सहन होत नाही. एक फोन केला असता तर मिटलं असतं अशा भांडणासाठी तीस प्रकरणं कोणी का वाचावीत?

इथलं वैर जमिनीचं आहे आणि ते या दोघांच्या जन्माआधीचं आहे. मार्च १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्या लढ्यातून. या पट्ट्यात कुठल्याही घरात बसा, बोलता बोलता विषय तिथे येतोच.

हर्षाली अशाच एका घरातली आहे. केदार ज्या सुबक शहराच्या प्रेमात पडून इंजिनिअर झाला, ते शहर हिच्या आजोबांच्या शेतावर उभं आहे. त्याला हे ठाऊक आहे, पण पुस्तकातलं वाचून. तिला पायाखालून ठाऊक आहे.

पण दुसऱ्या प्रकरणात त्याच्यामुळे सात माणसं मरतात, त्यात तिचा काका आहे. अशा माणसावर ती प्रेम करूच कशी शकते? हे चुकीचा संदेश देणारं नाही का?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच. उत्तर लांब आहे.

आधी काय घडलं ते नीट बघू. नवी मुंबईचा मोठा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव केले आहेत. भरतीला खाडीकडची झडप मिटते, खाडीचं पाणी आत येत नाही, आतलं पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. चंद्र गेल्यावर ओहोटी नीट होतच नाही. त्यात धुवांधार पाऊस. केदारपुढे दोन पर्याय होते. झडप उघडली तर खाडी सेक्टरांमध्ये घुसणार. मिटलेली ठेवली तर आतलं पाणी तुंबणार, आणि तुंबणार ते खोलगट गावठाणात, कारण आजूबाजूचे सेक्टर भरावाने उंच झालेत. त्याने झडप मिटलेली ठेवली. सेक्टरांत हजारो माणसं होती, गावठाणात शेकड्यांनी. त्याने आकडे मांडले आणि ज्यांचे आकडे आधीपासून कमी धरले जातात त्यांनाच पुन्हा वजा केलं. गावाला फोनसुद्धा केला नाही.

हा गुन्हा आहे. मी तो कुठेही पुसलेला नाही. नंतर उघड होईल की वरून दबाव होता, कागद खोटे होते, अशी वाट बघणाऱ्यांना सांगते, तसं काही होणार नाही.

प्रेमाआधी जे घडतं ते आठव्या प्रकरणात. झडपेच्या खोलीत एक नोंदवही असते, निळ्या पुठ्ठ्याची, पाण्याने फुगलेली. त्या रात्रीची नोंद अशी: 'रात्रौ ११.४०. झडप बंद. आदेशानुसार.' केदार ती वही गावात घेऊन येतो. गावदेवीच्या देवळापुढे, सगळ्यांसमोर, 'आदेशानुसार' वर रेघ मारतो आणि बाजूला 'माझ्या निर्णयाने' लिहून सही करतो. मग हर्षालीची आजी सात नावं सांगते आणि त्याला ती एकेक करून लिहायला लावते. एका नावाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आजी ते दुरुस्त करून घेते. कोणी त्याला माफ करत नाही. हर्षाली तर उठून जाते.

पण त्या रात्री देवळापुढची जमीन, जी दोन दिवस भुसभुशीत होत होती, ती घट्ट होते.

जगबुडी आली की माणसं जुनं विसरून एकत्र येतात, ही कल्पना मला पटत नाही. संकटात गळ्यात गळा घालणारे संकट सरलं की पुन्हा जुन्या जागी जातात आणि ज्याचं देणं होतं तो तसाच राहतो. हर्षाली विसरत नाही. ती मागते, तो देतो, ती पुन्हा मागते. असं देता देता एक दिवस तिच्या लक्षात येतं की हा माणूस आता न मागता देतोय. तिथून पुढे प्रेमाला जागा होते. ज्यांना हे तरीही मान्य नसेल त्यांचं मत मी खोडणार नाही. गावातल्या दोन बायका शेवटपर्यंत केदारशी बोलत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे.

हर्षालीने त्याला चिखलात फसवलं ते जास्तच नाही झालं?

झालं, आणि तिला त्याची किंमत मोजावी लागते. ओहोटीची वेळ ती जाणूनबुजून चुकीची सांगते, तो तिवरांच्या पलीकडे उतरतो आणि मांडीपर्यंत रुततो. पाणी चढायला लागतं. ती होडीत बसून बघत असते. बराच वेळ.

मग ती फळी टाकते. बाहेर काढण्याचं ते वर्णन मी सविस्तर केलं, कारण चित्रपटात दाखवतात तसं हात धरून ओढून चिखलातला माणूस निघत नाही. खांदा निखळेल, पाय निघायचा नाही. ती त्याला मागे रेलायला सांगते, पाठ फळीवर, हात पसरलेले. मग एकेक पाय जागच्या जागी हलवत राहायचा, म्हणजे पायाभोवती पाणी शिरतं आणि चिखलाची पकड सुटते. घाई केली की पुन्हा खाली. हे करताना त्याचं डोकं तिच्या गुडघ्याला टेकलेलं आहे आणि दोघं एकमेकांचा मनापासून तिरस्कार करतात. कादंबरीतला हा त्यांचा पहिला स्पर्श.

मग पहिलं चुंबन एकविसाव्या प्रकरणात का? किती वाट बघायची?

त्याआधी दोघांना एकमेकांसमोर झोप लागायला हवी होती. ती एकोणिसाव्यात लागते, पारसिकच्या बोगद्यात.

प्रेमप्रसंग किती मोकळे आहेत? माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे.

दोन प्रसंग मोठ्यांसाठीचे आहेत, त्या प्रकरणांवर तसं लिहिलेलं आहे. मृत्यू मात्र सगळीकडे आहे. आधी तुम्ही वाचा आणि मग ठरवा, असं सुचवेन.

कुठल्या जागा खऱ्या आहेत? ठाणं पूर्ण बुडतं का?

हर्षालीचं गाव सोडून जवळपास सगळ्या. गाव ऐरोली आणि घणसोलीच्या मधे कुठेतरी आहे, नकाशावर शोधू नका. मुद्दाम नाव दिलेलं नाही, म्हणजे कुठल्याच खऱ्या गावावर माझी गोष्ट लादली जाणार नाही.

ठाणं सरसकट बुडत नाही. ही तलावांची नगरी, एकेकाळी साठाच्या वर तलाव होते म्हणतात, आज पस्तिसाच्या आसपास उरलेत. जे उरले ते शांत राहतात. मासुंदा एक इंचही चढत नाही, कोपीनेश्वराच्या पायऱ्या कोरड्या राहतात आणि तलावपाळीवर आसरा मागणाऱ्यांची गर्दी होते. परत येतात ते बुजवलेले तलाव. पार्किंगमधून, तळमजल्याच्या दुकानांतून. येऊरच्या डोंगरात वारली पाड्यांवर काहीच बदलत नाही, फक्त वाघोबाच्या दगडापाशी रोज नवा शेंदूर दिसतो आणि तो कोण लावतं हे मी अजून सांगितलेलं नाही.

पारसिकचा बोगदा १९१६ पासून आहे, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. कळवा-मुंब्र्याची माणसं तिथे आश्रयाला येतात. डोंगराच्या पोटात असल्यामुळे तो भरावाचा नाही, म्हणून सुरक्षित. रुळांवर चुली मांडलेल्या आहेत. वाशीच्या पुलाबद्दल विचारू नका, तो पंचविसाव्या प्रकरणात येतो.

खाडीच्या तोंडाशी उभा राहणारा तो बुडालेला राजा खरा होता का?

त्याची प्रेरणा खरी आहे. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाने कोकणावर स्वारी केली आणि सोमेश्वर समुद्रात बुडून गेला असं सांगितलं जातं. बोरिवलीजवळ एक्सरला समुद्रातल्या लढाईचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड आहेत, ते याच युद्धाचे असावेत असं काही अभ्यासक मानतात. एकदा जाऊन बघाच. जहाजांच्या वल्ह्यांची रांग दगडात इतकी स्पष्ट आहे की मोजता येते. माझ्या राजाला मी नाव दिलेलं नाही. दगडावरचं दान त्याने दिलं होतं, त्यामुळे ते मोडलं की नाही याचा निवाडा त्याच्याकडे येतो.

रोहित पक्षी येतात का शेवटी?

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. हजारोंनी पक्षी येतात, ते पावसाळा सरल्यावर. गोष्ट श्रावणात सुरू होते, म्हणजे थांबावं लागेल. हर्षालीही थांबली आहे.

आगरी-कोळी संवाद कधी कधी समजत नाहीत. प्रमाण मराठीत का लिहीत नाही?

'मना नाय पायजे तुजी दया' हे वाक्य प्रमाण मराठीत केलं तर हर्षाली उरत नाही. चार-पाच प्रकरणांत कान तयार होतो. खाजण, निवटी, उघाडी यांसारखे शब्द अडले तर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी अर्थ दिलेला आहे.

होडीवरचा काळ्या मरतो का?

नाही. काळ्या शेवटपर्यंत आहे, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर बसलेला.

शेवट गोड आहे का?

ही प्रेमकथा आहे आणि प्रेमकथेच्या वाचकाला दिलेला शब्द मी मोडणार नाही. दोघं जगतात आणि एकत्र राहतात. चंद्र परत येतो की नाही हा वेगळा प्रश्न.

मलाही अशी गोष्ट लिहायची आहे. कुठून सुरुवात करू?

दोघांनी एकमेकांचं काय नेलं आहे, ते आधी ठरवा. एका वाक्यात सांगता आलं पाहिजे आणि ते वाक्य वाचून पोटात गोळा आला पाहिजे. 'तो गर्विष्ठ आहे, ती फटकळ आहे' यावर दोन प्रकरणं निघतील, कादंबरी निघणार नाही.

मग जगबुडी निवडा, पण आधी वैर आणि नंतर जगबुडी. उलट केलं तर प्रेमकथा संकटाच्या मागे फरपटत जाते. तुमच्या संकटाने नेमकी तीच गोष्ट मागितली पाहिजे जी या दोघांना द्यायची नाही. माझ्याकडे ती होती हिशोब. तुमच्या गोष्टीत ती लपवलेलं नाव असेल, घर असेल, देवघरातला टाक असेल.

जागा तुमची घ्या. परदेशी किल्ले आणि बर्फाळ जंगलं कशाला, डोंबिवलीच्या पुलाखाली, मुरबाडच्या माळावर, बेलापूरच्या पडक्या बुरुजावर राक्षस उतरवा. तिथे पाऊस कसा पडतो, वीज गेली की आधी कोण ओरडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून राक्षसही खरा वाटेल.

आणि माफी लवकर देऊ नका. लिहिताना आपल्यालाच दोघांचं जुळावं असं फार वाटतं आणि हात घाई करतो. गुन्हा करणाऱ्याला आधी करायला काहीतरी द्या, रडायला नको. केदार पहिल्या खर्ड्यात तीन वेळा रडत होता. आता तो एकदाही रडत नाही, नावं लिहितो.

चुका दिसल्या तर कळवायच्या का?

जरूर कळवा, विशेषतः खाडीकाठच्या वाचकांनी. होडी, जाळी, मासळी, पाण्याच्या वेळा यांत काही खटकलं तर प्रकरणाचा क्रमांक आणि वाक्य लिहून पाठवा. केदार-हर्षालीचं लग्न कुठल्या पद्धतीने व्हावं याबद्दल आलेली पत्रंही वाचते आहे, पण त्या दोघांचं त्यांच्या घरच्यांशी अजून बोलणं व्हायचंय.